जयपूरचे हिरवे डबे

जयपूरला दोन महिने राहून आलो म्हटलं की लोक पहिल्यांदा हवामहालाचं विचारतात. मी तो बऱ्याचदा पाहिला, पण पाठमोरा उभा राहून, कारण समोरच्या ओळीतल्या एका किराणा दुकानावर माझा डोळा असायचा. आमेरचा किल्ला राहिला. हत्तीवर बसायचं राहिलं. मी पाहिली ती आठ दुकानं, आणि त्यांच्या फळ्यांवरचे दंतमंजनाचे डबे. ज्यांना जयपूर बघायचं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाचं तरी वाचावं. एका संशयी माणसाची फजिती ऐकायची असेल तर मात्र मी आहे.

आमची कंपनी साबण आणि दंतमंजन करते. आमचे साहेब सहा महिने विलायतेत राहून बाजारातले प्रयोग करायला शिकून आले होते. पूर्वी नवा माल काढायचा तर मालक बोट दाखवीत आणि कारखाना चालू होई. आता म्हणे, आधी एका गावात करून बघायचं. मंजन तेच, डबे दोन. जुना निळा आणि नवा हिरवा. हिरव्यानं खप वाढला तर कारखान्यात नवं यंत्र बसणार आणि सगळ्या उत्तरेत हिरवा डबा जाणार. जयपूर निवडलं कारण तिथं आमचा साबण जात असला तरी मंजन कुणी पाहिलेलं नव्हतं.

आठ दुकानं ठरली. चिठ्ठ्या टाकून चारांत निळा आणि चारांत हिरवा ठेवायचा, आणि चार आठवड्यांनी बरोबर उलट करायचं. एखादा दुकानदार गोडबोल्या असतो, एखादं दुकान नाक्यावर असतं. उलटापालट केली की दुकानाचा गुण वजा होतो आणि डब्याचा तेवढा उरतो, असं साहेब म्हणाले. मला ते पटलं. मग त्यांनी ताकीद दिली, "काय चाललंय हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. प्रयोग आहे हे कळलं की माणसं सरळ वागत नाहीत."

माणसं सरळ वागत नाहीत हे मला कुणी सांगायला नको होतं. दुधाची चरवी उन्हात धरून बघणाऱ्या घरात मी वाढलो आहे.

सवाई माधोपूरला गाडी बदलली तेव्हा समोरच्या बाकावरच्या पगडीवाल्या गृहस्थांनी विचारलं, "किस काम से पधार रहे हो सा?" मी लगेच म्हणालो, "शादी में." ते माझ्याकडे बघतच राहिले. "मळमास में ब्याह? आपके उधर होता है?" महिनाभर लग्नाचा मुहूर्तच नव्हता, हे मला ठाऊक नव्हतं. उरलेला प्रवासभर त्यांनी आपली पेटी पायांच्या मध्ये धरून ठेवली.

बापूनगर

उतरलो उमाळकरांकडे. हे माझ्या बायकोच्या मावसबहिणीचे दीर, जयपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रोफेसर. वहिनी मूळच्या नागपूरच्या. दहा वर्षं जयपुरात काढली तरी बोलणं नागपूरचंच होतं, त्यात हिंदीची फोडणी पडलेली. "भाऊजी, मतलब तुम्ही हॉटेलात राहणार होते? काहून? आम्ही मेलो का इथं?" हे त्यांचं स्वागत.

काम काय, तर ऑफिसचं, एवढंच मी सांगितलं. माझ्या ट्रंकेत नमुन्याचा एक हिरवा डबा होता. पहिल्या सकाळी तो मोरीत राहिला आणि मी धावत जाऊन तो उचलून आणला. दुसऱ्या दिवसापासून मी तो टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवायला लागलो. कुलूप लावून.

जयपूरची थंडी कोरडी. ओठ फुटतात आणि नाकातून रक्त येतं. मला पहिल्यांदा आलं तेव्हा पाण्यावर शंका आली. शेगडीपाशी बसून प्रोफेसर म्हणाले, "हवा आहे ती. हवेवर पण संशय घेता?" वहिनींच्या स्वयंपाकात वरणभात होता आणि बाजरीचा खिचडाही होता. तुपाला मोजदाद नव्हती. आमच्याकडे पाहुण्याला चमच्यानं तूप वाढतात. इथं वाटीच पुढं सरकवतात आणि वर माणूस संकोचला तर रागावतात.

चौडा रस्ता

दर दोन दिवसांनी मी आठही दुकानं फिरून फळीवरचे आणि मागचे डबे मोजी. माल गेला तरी कुठं गेला हे कळावं म्हणून मी एक शक्कल काढली होती. प्रत्येक दुकानाच्या डब्यांच्या बुडाशी खिळ्यानं वेगळी खूण. ही साहेबांच्या पुस्तकात नव्हती, माझ्या डोक्यातली होती, आणि मला तिचा फार अभिमान होता.

आठातलं एक दुकान चौड्या रस्त्यावर रामगोपालजींचं. त्यांची खूण दोन आडव्या रेघा. पन्नाशीचा माणूस, गादीवर ताठ बसलेला, कानात सोन्याची बाळी. आमच्या साबणाची जयपूरची एजन्सी त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे होती. म्हणून तर माझा संशय आधी त्यांच्यावर. मंजन जयपुरात चाललं असं दिसलं की त्याचीही एजन्सी यांच्याकडेच येणार. मग खप फुगवून दाखवायला किती वेळ लागतो?

"पधारो सा," ते म्हणत आणि चहा मागवत. चहा मी घेत नसे. लाच चहापासूनच सुरू होते, अशी माझी समजूत.

पहिल्या चार आठवड्यांत त्यांच्याकडे निळा डबा होता. खप बेताचा. मला जरा वाईटच वाटलं, कारण पकडायला काही मिळेना. तरी जौहरी बाजारातले चांदीवाले आमचं मंजन दागिने घासायला नेतात अशी कुणकुण लागली म्हणून मी दोन दुपारी एका सोनारासमोर कचोरी खात बसलो. कचोरी कांद्याची, इतकी गरम की टाळू सोलून निघाली. सोनार रिठ्यानं चांदी घासत होता.

सांगानेर

एक दुकान सांगानेरला होतं. बस खच्चून भरलेली, आणि मधेच उतरून थोडी ढकललेलीही. सांगानेरला नदीच्या पात्रात छापलेली लुगडी वाळत घातलेली असतात. वाळूवर लाल, काळी, हळदी पट्ट्यांची रांगच रांग, आणि त्यांच्यामधून बायका अनवाणी चालतात, एका काठावरही पाय न पडू देता. ठशांचा आवाज प्रत्येक घरातून येतो. ठसा ठेवायचा, मुठीनं ठोकायचं, उचलायचा. जोड कुठं आला ते मला शोधूनही सापडेना.

ठसे मारणारा एक म्हातारा छिपा मला म्हणाला, "क्या ढूंढो हो बाबूजी?"

"जोड."

"जोड तो है. पर दिखणो कोनी चावै." जोड असतो, पण दिसता कामा नये, असं म्हणून तो हसला. मला वाटलं, हा माझ्याबद्दलच काहीतरी बोलतोय. आता वाटतं तो नुसता कापडाबद्दल बोलत होता.

संक्रांत

मकरसंक्रांतीच्या सुमारास चार आठवडे पुरे झाले आणि मी दुकानांची अदलाबदल केली. रामगोपालजींकडे हिरवे डबे गेले.

जयपूरची संक्रांत गच्चीवर होते. अख्खं शहर वर चढतं. "वो काटा" म्हणून एकाच वेळी चारशे माणसं ओरडतात आणि टांग्याचं घोडं बिचकतं. तुटलेल्या मांजानं माझ्या कानाची पाळी कापली. आमच्याकडे तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात, इथं दिवसभर एकमेकांचे पतंग कापून रात्री दुधात भिजवलेली फीणी खातात. दोन्हीकडे भांडण मिटतंच, असं प्रोफेसरांचं मत.

त्यानंतर घरी माझी जरा अडचणच व्हायला लागली. दर दोन-तीन दिवसांनी वहिनी म्हणत, "भाऊजी, आज सहाच्या आत येऊ नका हं. बायका येणार आहेत." कधी त्या स्वतःच नटूनथटून कुठं निघत. मला ते सोयीचं होतं. मी दुकानं मोजत होतो.

आणि रामगोपालजींचे डबे उडायला लागले. पहिल्या आठवड्यात नव्वद. दुसऱ्यात दोनशेच्या वर. मी पुन्हा मोजले. बाकीच्या तीन दुकानांतले हिरवे डबे निळ्यांइतकेच जात होते. एकाच दुकानात डोंगर आणि बाकीकडे सपाट मैदान, याला प्रयोगात एकच अर्थ असतो. किंवा मला तरी एकच माहीत होता. डबे विकले जात नव्हते, हलवले जात होते.

त्या सकाळी दुकानात सातआठ गिऱ्हाइकं होती. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही.

"रामगोपालजी, डिब्बे कहां गए?"

"बिक गए साब."

"किसको?"

ते मोकळेपणी म्हणाले, "आपके देस की बायां ले गईं. एक-एक ने तीस-तीस डिब्बे."

"तीस? हर दांत को एक?" मी म्हणालो. गिऱ्हाइकं हसली. त्या हसण्यानं मला आणखी जोर चढला.

"साब, सकरांत पे तो हमारे यहां भी..."

"सकरांत मुझे मत सिखाइए. गोदाम खोलिए. चोरी का माल कहीं तो रखा होगा."

चोरी हा शब्द मी उच्चारला. हिंदी माझं यथातथाच, पण तो शब्द दोन्ही भाषांत सारखाच आहे. रामगोपालजी उठले. गादीवरून उतरले, किल्ली घेतली आणि गोदाम उघडून बाजूला उभे राहिले. मी गुळाच्या भेल्या हलवल्या, साबणाची खोकी उपसली, मिठाच्या पोत्यांमागे हात घातला. काही नव्हतं. म्हणजे माल गावाबाहेर गेला, असं मी ठरवलं. बाहेर एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "सेठजी री तलासी हो री है."

दुपारी मी मुंबईला तार केली. खप खोटा, दुकानदारावर विश्वास नको. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. रामगोपालजींची साबणाची एजन्सी बंद केली होती. मला त्या रात्री गाढ झोप लागली, हे लिहायची आता लाज वाटते.

भिंतीतलं कपाट

रथसप्तमीच्या दिवशी मला कणकण आली म्हणून मी दुपारीच घरी परतलो. वहिनी शेजारी गेल्या होत्या. पांघरूण काढायला मी भिंतीतलं कपाट उघडलं. वरच्या खणात आमचे हिरवे डबे होते. दोन ओळी, दहा डबे.

एक उलटा केला. दोन आडव्या रेघा. दुसरा, तिसरा. सगळ्यांवर दोन आडव्या रेघा.

खरं सांगायचं तर मनात पहिल्यांदा आलं ते हे, की वहिनी रामगोपालजींना सामील आहेत. दोन महिने ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्याबद्दल मी असा विचार केला, आणि तो करताना मला काहीच वेगळं वाटलं नाही. वहिनी परत आल्या तेव्हा मी डबा हातात धरून कपाटासमोर उभा होतो.

"अगं बाई, सापडले का तुम्हाला?" त्या हसल्या. "मी तुम्हाला जाताना सांगणार होते."

"हे कुठून आले?"

"कुठून म्हणजे? वाणाचे आहेत न ते! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तीस लुटले. मग जोशीबाईंनी तेच लुटले, बँकवाल्या कुलकर्णीबाईंनी तेच, डॉक्टरीणबाईंनी तेच. अकरा घरी तेच वाण झालं भाऊजी! मला हे एवढे परत आले."

मी खाली बसलो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपल्या बायका घरोघरी हळदीकुंकू करतात आणि येणाऱ्या प्रत्येकीला एक उपयोगी वस्तू देतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. कंगवा, सुपली, साबणाची वडी. माझ्या आईनं एकदा चहाच्या गाळण्या लुटल्या होत्या. पण ते बायकांचं. त्या वेळी आम्ही पुरुष बाहेर असतो. जयपुरात मी त्या वेळी बाहेर राहून तेच डबे मोजत होतो.

"पण हेच डबे का वहिनी?"

"तुमचे आहेत म्हणून! पहिल्याच दिवशी मोरीत पाहिला न मी. दुसऱ्या दिवशी पाहते तर टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत. मी ह्यांना म्हटलं, बिचाऱ्याचा माल खपत नाही वाटतं, म्हणून लपवून राहिले. मग रामगोपालभैयाकडे हिरवे आले तसं मी इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, आपला माणूस आहे, हेच घ्या. वाणाच्या किमतीतही बसतात."

मी उघड्यावर ठेवला असता तर तो नुसता एक डबा राहिला असता.

प्रोफेसर आतून ऐकत होते. ते बाहेर येऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या साहेबांनी आठवडे ठरवताना पंचांग पाहिलं होतं का?" आणि मग त्यांना हसू आवरेना. वहिनीही हसल्या. मी हसलो नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि मी गोदामाचं, तारेचं, एजन्सीचं सगळं सांगितलं.

वहिनींचं हसू गेलं.

"रामगोपालभैयाला चोर म्हणाले तुम्ही? लोकांदेखत?" त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "मी टायफॉईडनं पडले होते तेव्हा महिनाभर तो माणूस सामान घरी पोचवत होता. एकदाही बोलला नाही." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "जा भाऊजी. उद्याच जा."

मी आधी मुंबईला ट्रंक कॉल लावला. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिरव्याचं काय ठरवायचं?" काहीच नाही, मी म्हणालो, प्रयोग बाद. त्यावर त्यांनी फोन ठेवला. एजन्सी पुन्हा चालू केल्याची तार मात्र त्यांनी धाडली. माझी बढती त्याच फोनमध्ये गेली असावी.

पुन्हा चौडा रस्ता

रामगोपालजी गादीवर होते. मी टांग्यातून उतरलो तसे ते उठले नाहीत, पधारो म्हणाले नाहीत, चहा मागवला नाही. त्या चहाची मला तेव्हा आठवण झाली.

"ज़रा अंदर चलेंगे?" मी हळूच विचारलं.

"अंदर क्यूं?" ते म्हणाले. "जो बाहर कहा था, उसका बाहर ही कहो सा."

दुकानात चारपाच माणसं होती. शेजारचा पितळेवाला आपलं काम सोडून बघायला आला. मी उभा राहिलो आणि सांगितलं की यांनी काही लपवलं नव्हतं, डबे खरोखर विकले गेले होते, आमच्याच बायकांनी नेले होते, आणि मी यांना चोर म्हणालो ते खोटं होतं. हिंदी चुकत होतं. लिंग चुकलं, काळ चुकला. कुणी हसलं नाही, आणि कुणीतरी हसावं असं मला फार वाटत होतं.

मग मी तार पुढं केली. त्यांनी ती पितळेवाल्याकडून मोठ्यानं वाचून घेतली, घडी घातली आणि गादीखाली सारली.

"साबुन बेचूंगा. वो म्हारे बाप के टैम से है. मंजन आप ले जाओ."

"रामगोपालजी, मंजनाची एजन्सी आली तर ती तुमच्याकडेच..." मी घाईत मराठीतच बोललो. त्यांना समजलं असावं. त्यांनी फक्त मान हलवली, नको म्हणून.

उरलेले डबे त्यांनी आधीच काढून सुतळीनं बांधून ठेवले होते. मी वही उघडली आणि मोजायला लागलो. बाद झालेल्या प्रयोगाची शिल्लक मोजायची काही गरज नव्हती, पण मला हातांना काम हवं होतं आणि त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. मी अर्ध्यावर असताना त्यांनी सुतळीतून एक डबा सोडवला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि माझ्यासमोर ठेवला.

"ये उमाळकर बाईजी को दे देना. उनके एक डिब्बे का ढक्कन दबा हुआ निकला था. मैंने कहा था, बदल दूंगा."

मी डबा घेतला. ते माझ्या वहीकडे बघत होते.

"इसको बिक्री में मत लिखणा साब," रामगोपालजी म्हणाले. "ये बिका नहीं है, बदले का है. आपका हिसाब ग़लत हो जाएगा."

मी लिहिलं नाही. टांगा सांगानेरी दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत माझ्याच्यानं मान वर करवली नाही.